फळांची इजा आणि साठवण : सफरचंदाचा तपकिरी गाभा व हापूसचा साका

फळ झाडावरून उतरले की त्याचे आयुष्य संपते आणि पुढे उरते ते केवळ नासणे, अशी समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. तिला शास्त्रीय हादरा बसला तो फ्रान्समध्ये. मोंपेल्ये येथील रसायनज्ञ झाक बेरार यांनी १८२१ साली प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात, तोडलेली फळे प्राणवायू घेतात व कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि प्राणवायू न मिळाल्यास ती पिकत नाहीत, हे प्रयोगाने दाखविले. व्यापाराने या गोष्टीची दखल घेण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली. मधल्या काळात सारा भर राहिला तो बर्फावर आणि शीतयंत्रांवर.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटनमध्ये अन्नसंशोधनास सरकारी पाठबळ मिळाले व केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट यांनी फळांच्या श्वसनाचा अभ्यास हाती घेतला. त्या सुमारास ऑस्ट्रेलियातून जहाजाने येणाऱ्या सफरचंदांत एक चमत्कारिक दोष आढळे. बाहेरून निर्मळ दिसणारे फळ कापले असता आतील गर तपकिरी निघे. मग दोष कोणाचा? बागाइतदाराचा, जहाजाचा की थंडीचा? प्रश्न अर्थातच पैशाचाही होता. हा रोगजंतूंचा उपद्रव नसून, बंदिस्त कोठारात फळांनीच सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचल्याचा परिणाम आहे, असा निर्णय किड व वेस्ट यांनी १९२३ साली दिला. फळे आपल्याच श्वासाने गुदमरली होती, असे म्हटले तरी चालेल. नवल असे की, हाच वायू बेताच्या प्रमाणात राखल्यास फळ अधिक काळ टिकते, हेही त्यांनीच सिद्ध केले. १९२९ साली केंट परगण्यात या तत्त्वावरील व्यापारी कोठार उभे राहिले.

कोठार कितीही उत्तम असले तरी त्यात जाणारे फळ धड असावे लागते. मार बसलेल्या जागी साल पुष्कळदा फाटत नाही. तिच्याखालील पेशी मात्र फुटतात. एरवी पेशीच्या वेगवेगळ्या कप्प्यांत असलेली फिनॉलवर्गीय द्रव्ये आणि एंझाइमे एकमेकांत मिसळतात व प्राणवायूच्या सान्निध्यात गर काळवंडतो. श्वसनाचा वेग वाढतो, एथिलीन वायू अधिक सुटतो. पिकणारी सफरचंदे हा वायू स्वतःच निर्माण करतात, हे आर. गेन यांनी १९३४ साली सिद्ध केले. तेव्हापासून एका ठेचाळलेल्या फळाने शेजारची फळे लवकर का पिकतात, याचा उलगडा झाला. नासक्या आंब्याने अढी नासते, हे कोकणात कोणाला शिकवावे लागत नाही. त्यात बुरशीचा वाटा मोठा असला तरी या वायूचाही हात असतो. थंडीने या सर्व क्रिया मंदावतात, पण फुटलेली पेशी सांधली जात नाही.

सफरचंदाचे हे शास्त्र आंब्याला जसेच्या तसे लागू पडले नाही. शून्य अंशाच्या आसपास सफरचंदाच्या बहुतेक जाती सुखाने राहतात. आंबा मात्र साधारणतः १० ते १३ अंश सेल्सियसच्या खाली फार काळ ठेवल्यास त्याची साल करडी पडते, तीवर खड्डे उमटतात आणि पुढे तो नीट पिकत नाही. मुंबई इलाख्याच्या कृषी खात्यातील जी. एस. चीमा आणि त्यांचे सहकारी यांनी आंब्याच्या शीतसाठवणीवर व युरोपास होणाऱ्या निर्यातीवर प्रयोग केले. चीमा व दाणी यांच्या १९३४ च्या अहवालात हापूसच्या गरातील स्पंजासारख्या, बेचव भागाची नोंद आहे. हाच साका होय. येथेही फळ बाहेरून निर्दोष दिसते. परंतु तपकिरी गाभ्याप्रमाणे हा दोष कोठाराच्या माथी मारता येत नाही. तापलेल्या जमिनीची उष्णता फळांना लागल्याने तो बळावतो, असे एक मत आहे. कोयीतील बीज अकाली रुजण्याच्या तयारीस लागते व गरातील पाणी ओढून घेते, असे दुसरे. पहिल्या मताच्या आधारे बागेत आच्छादन घालणे, फळ अतिपक्व होण्यापूर्वी उतरविणे आणि उतरविल्यावर ते उघड्या जमिनीवर न ठेवता सावलीत नेणे, हे उपाय पुढे आले. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने प्रचारात आणलेल्या नूतन झेल्याने फळ देठासह कापून अलगद जाळीत पडते. त्यामुळे चिकाचे डाग आणि आपटण्याची इजा, दोन्ही टळतात. साका मात्र झेल्याने टळत नाही, आणि पेटी उघडून आंबा कापेपर्यंत तो आहे की नाही हे बागाइतदारास व गिऱ्हाइकास नुसत्या डोळ्यांनी कळत नाही.