अव्राहम स्टर्न
अव्राहम स्टर्न (२३ डिसेंबर १९०७, सुवाल्की – १२ फेब्रुवारी १९४२, तेल अवीव) हा ब्रिटिश राजवटीखालील पॅलेस्टाईनमधील ज्यू क्रांतिकारक, कवी आणि लेही या भूमिगत सशस्त्र संघटनेचा संस्थापक होता. 'याईर' या टोपणनावाने तो ओळखला जाई. ब्रिटिश अधिकारी त्याच्या संघटनेला 'स्टर्न टोळी' म्हणत.

बालपण

स्टर्नचा जन्म तत्कालीन रशियन साम्राज्यातील आणि आजच्या पोलंडमधील सुवाल्की या गावी झाला. त्याचे वडील दंतवैद्य होते. पहिल्या महायुद्धात जर्मन सैन्याने हा भाग व्यापल्यावर आई अव्राहम व त्याचा धाकटा भाऊ डेव्हिड यांना घेऊन रशियाच्या अंतर्भागात गेली. युद्ध आणि रशियन राज्यक्रांती यांमुळे कुटुंबाची ताटातूट झाली. १९२१ च्या सुमारास स्टर्न एकटाच मोठा प्रवास करून सुवाल्कीला परतला.

पॅलेस्टाईनमधील शिक्षण

१९२५ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी तो पॅलेस्टाईनला आला. राष्ट्रसंघाने हा प्रदेश ब्रिटनच्या कारभाराखाली दिला होता. जेरुसलेममध्ये शालेय शिक्षण पूर्ण करून त्याने हिब्रू विद्यापीठात प्रवेश घेतला. ग्रीक व लॅटिन भाषा आणि अभिजात साहित्य हे त्याचे अभ्यासविषय होते. डेव्हिड राझिएल हा विद्यापीठातील त्याचा सहाध्यायी पुढे इर्गुनचा सेनापती झाला. पिस्तूल हाताळण्याविषयीची हिब्रू पुस्तिका या दोघांनी मिळून लिहिली.

सशस्त्र चळवळीत प्रवेश

ऑगस्ट १९२९ मधील दंगलींत १३३ ज्यू आणि ११६ अरब मृत्युमुखी पडले. या काळात स्टर्न हगाना या ज्यू संरक्षण संघटनेत सामील झाला. हगानाचे धोरण मुख्यतः बचावाचे होते. ते अपुरे वाटणाऱ्या गटाने १९३१ मध्ये अव्राहम तेहोमीच्या नेतृत्वाखाली इर्गुनची स्थापना केली आणि स्टर्न त्या गटात गेला. १९३२ मध्ये त्याने 'अनामिक सैनिक' या आशयाच्या शीर्षकाचे गीत रचले. ते प्रथम इर्गुनचे व नंतर लेहीचे संघटनागीत झाले.

पुढे शिष्यवृत्ती मिळवून तो संशोधनासाठी इटलीतील फ्लोरेन्स येथे गेला. तेथे तेहोमीने त्याची भेट घेऊन त्याला संघटनेच्या कामासाठी परत बोलावले. स्टर्नने प्रबंध अर्धवट सोडला. प्राध्यापकी आणि भूमिगत जीवन यांपैकी त्याने केलेली ही निवड कायमची ठरली. त्यानंतर शस्त्रे मिळवण्यासाठी त्याने पोलंडच्या वाऱ्या केल्या. पोलिश सरकारच्या साहाय्याने इर्गुनच्या सदस्यांना तेथे लष्करी प्रशिक्षणही मिळाले.

फूट आणि लेही

मे १९३९ च्या ब्रिटिश श्वेतपत्रिकेने पुढील पाच वर्षांतील ज्यू स्थलांतरितांची संख्या ७५,००० वर मर्यादित केली. दुसरे महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या दिवशी स्टर्नसह इर्गुनच्या नेत्यांना अटक झाली. महायुद्धात ब्रिटनविरुद्धचा लढा थांबवावा, असे राझिएलचे मत होते. स्टर्नच्या मते ब्रिटन हाच मुख्य शत्रू होता. १९४० मध्ये सुटका झाल्यावर त्याने वेगळी संघटना काढली आणि तीच पुढे लेही म्हणून ओळखली गेली. 'याईर' हे नाव त्याने रोमन सत्तेविरुद्ध मसादा येथे लढलेल्या एलाझार बेन याईर याच्यावरून घेतले होते.

ब्रिटनविरोधासाठी त्याच्या गटाने नाझी जर्मनीशी संधान बांधण्याचाही प्रयत्न केला. त्याला यश आले नाही. त्याच्या कारकिर्दीतील हा सर्वाधिक टीका झालेला भाग होय. दरोडे आणि पोलिसांवरील हल्ले यांमुळे ज्यू समाजातील बहुसंख्य लोकही त्याच्या विरोधात गेले.

मृत्यू

ब्रिटिशांनी त्याच्यावर १,००० पौंडांचे बक्षीस लावले होते. १२ फेब्रुवारी १९४२ रोजी तेल अवीवच्या फ्लोरेंटिन भागातील एका घरात तो पोलिसांच्या हाती लागला आणि पोलीस अधिकारी जेफ्री मॉर्टन याने त्याला गोळ्या घातल्या. तो निसटण्याचा प्रयत्न करीत होता, असे पोलिसांनी सांगितले. तो निःशस्त्र व ताब्यात असताना त्याला मारले, असे त्याच्या अनुयायांचे म्हणणे होते. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी जन्मलेल्या मुलाचे नाव याईर ठेवण्यात आले. इस्रायलमधील कोखाव याईर या गावाचे नावही त्याच्या स्मरणार्थ आहे.