भर समुद्रात दिशादर्शक यंत्रे रुसतात तेव्हा...

गोव्यात बांधल्या गेलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये वाटेत एकाही बंदराला न लागता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. अशा सफरीत नाविकालाच तंत्रज्ञ व्हावे लागते. जीपीएस, चार्टप्लॉटर, खोलीमापक, स्वयंचलित सुकाणू आणि एआयएस ही यंत्रे बिघडल्यास दोष ठरावीक क्रमाने शोधणे हिताचे ठरते.

प्रथम वीजपुरवठा

अनेकदा यंत्र निर्दोष असते. दोष तारेत असतो. खाऱ्या हवेने तांब्यावर हिरवट थर चढतो व जोड सैल पडतात. बॅटरीपाशी १२.६ व्होल्ट आणि यंत्रापाशी ११ व्होल्ट दिसत असतील, तर दोष मधल्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा जोडात आहे. हे मापन यंत्र चालू ठेवूनच करावे. बंद यंत्रापाशी दाब पुरेसा दिसतो आणि फसगत होते. इंजिन सुरू करताना चार्टप्लॉटर बंद होऊन पुन्हा चालू होत असेल, तर बॅटरी थकली आहे किंवा जोड सैल आहे, असे समजावे.

मग जोडणी

सर्व यंत्रांवरील माहिती एकदम नाहीशी झाली, तर संशय सामाईक केबलवर घ्यावा. एनएमईए २००० प्रणालीत मुख्य केबलच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो. वीज बंद करून संदेशवाहक तारांच्या जोडीत मोजल्यास सुमारे ६० ओहम दिसले पाहिजेत. १२० दिसल्यास एक रोध निखळला आहे. ४० दिसल्यास एक जादा बसविला गेला आहे. जुन्या एनएमईए ०१८३ जोडणीत वेग जुळणे महत्त्वाचे असते. सामान्य यंत्रे ४८०० बॉडने, तर एआयएस ३८४०० बॉडने बोलते.

संवेदक आणि हस्तक्षेप

स्वयंचलित सुकाणू नौकेला भरकटवू लागले, तर त्याच्या होकायंत्राजवळचा कप्पा उघडून पाहावा. तेथे ठेवलेले डबे, हत्यारे किंवा ध्वनिवर्धक चुंबकीय क्षेत्र बिघडवितात. दिशेनुसार चूक बदलत असेल, तर कारण चुंबकीय असते. सर्व दिशांना ती सारखीच असेल, तर बसविण्यात तिरकेपणा असतो. वेगमापकाचे चक्र शेवाळाने अडकल्यास वेग शून्य दिसतो. काही एलईडी दिवे व्हीएचएफ आणि एआयएसच्या ग्रहणात अडथळा आणतात, असा इशारा अमेरिकी तटरक्षक दलाने २०१८ मध्ये दिला होता. दिवे एकेक करून बंद केले की दोषी दिवा सापडतो.

तारखेचा घोळ

जीपीएसच्या मूळ संदेशात आठवड्यांची मोजणी १०२३ पर्यंतच जाते व पुन्हा शून्यावर येते. ६ एप्रिल २०१९ रोजी हे दुसऱ्यांदा घडले, तेव्हा काही जुने ग्राहक चुकीची तारीख दाखवू लागले. पुढची वेळ नोव्हेंबर २०३८ मध्ये येईल. अशा वेळी यंत्र बदलण्यापूर्वी नवी संगणकप्रणाली उपलब्ध आहे का, हे पाहावे.

यंत्र ठीक, तरीही अपघात

२९ नोव्हेंबर २०१४ रोजी व्होल्वो ओशन रेसमधील 'टीम व्हेस्टस विंड' ही नौका मॉरिशसच्या ईशान्येकडील कार्गाडोस काराजोस प्रवाळखडकांवर आदळली. नऊही नाविक बचावले. यंत्रे बंद पडलेली नव्हती. इलेक्ट्रॉनिक नकाशा लहान प्रमाणावर पाहिला गेल्याने खडकांचा धोका पुरेसा लक्षात आला नाही. म्हणूनच मार्ग आखताना तो मोठ्या प्रमाणावर सरकवून टोकापर्यंत तपासावा. कागदी नकाशा, हाती धरायचे होकायंत्र आणि बॅटरीवर चालणारे स्वतंत्र जीपीएस जवळ असावे. दर तासाला स्थान वहीत नोंदवावे. पडदा काळा पडला, तरी शेवटची नोंद आणि दिशा यांच्या आधारे किनारा गाठता येतो.