माळकरी

गळ्यात तुळशीच्या मण्यांची माळ घालणारा वारकरी. ही माळ दुकानातून आणली आणि अडकवली, असे चालत नाही. ती ज्ञानेश्वरीवर ठेवून फडप्रमुखाच्या किंवा एखाद्या जुन्या वारकऱ्याच्या हातून घ्यायची. मग मद्यमांस सुटते, महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि पंढरीची वारी मागे लागते. संन्यास मात्र नाही. शेत, संसार, बाजारहाट चालूच. गावाकडे हा शब्द स्वयंपाकघरातही ऐकू येतो. ‘आबा माळकरी हायेत’ एवढे म्हटले की मटणाची चूल परसात जाते. (भक्तीचा इतका रोखठोक पुरावा दुसरा नसावा.) माळ तुटली तर ती पुन्हा ओवून घालेपर्यंत अनेकजण अन्नाला शिवत नाहीत.