दिल्लीहून गेलेली माकडे

मद्य प्यालेल्या माकडाशी मराठी माणसाची ओळख जुनी आहे. चंचल मनाची फजिती सांगायला आपण त्याला वापरत आलो आणि त्याला हसत आलो. विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी खरोखरच्या माकडांना अमली पदार्थ दिले आणि वर्षानुवर्षे त्यांचे निरीक्षण केले. व्यसनाबद्दल आज डॉक्टर जे सांगतात, त्यातले बरेचसे या निरीक्षणांतून आले आहे. मी बरीच वर्षे गाझियाबादला राहतो. या इतिहासाची सुरुवात दिल्लीच्या विमानतळावर होते आणि त्यातून निघालेले एक औषध आज माझ्याच गावात दिले जाते. मधला मोठा भाग अमेरिकेतल्या पिंजऱ्यांत घडला.

उत्तर भारतात गावोगावी, देवळांत, रेल्वे स्टेशनांवर दिसणारे तांबड्या तोंडाचे माकड, त्याला शास्त्रज्ञ रीसस म्हणतात. १९३८ साली कार्पेंटर नावाच्या अमेरिकन संशोधकाने अशी सुमारे ४०० माकडे भारतातून नेऊन पोर्तो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडली. मोठी मागणी आली ती पोलिओच्या लसीमुळे. साल्कची लस बनवायला माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी लागत. फासेवाल्यांनी पकडलेली माकडे दिल्लीहून विमानाने लंडनला, तिथून न्यूयॉर्कला आणि पुढे ट्रकने साउथ कॅरोलिनातल्या ओकेटी फार्मवर जात. १९५० च्या दशकाच्या अखेरीस भारतातून वर्षाला एक लाखाहून अधिक माकडे बाहेर जात होती.

जानेवारी १९५५ मध्ये दिल्लीहून निघालेली जवळजवळ ४०० माकडे लंडनच्या विमानतळावर गुदमरून मेली. भारत सरकारने निर्यात थांबवली, पण ती लवकरच पुन्हा सुरू झाली. या वेळी अट अशी होती की माकडे फक्त पोलिओची लस आणि वैद्यकीय संशोधन यांसाठीच वापरायची. चार-पाच वर्षांनी साउथविक आणि अलीगढचे बेग व सिद्दिकी यांनी उत्तर भारतातल्या माकडांची पाहणी केली, तेव्हा कळपांत लहान माकडे फार कमी आढळली. पुढे अमेरिकी लष्कराच्या किरणोत्सर्गाच्या चाचण्यांत भारतीय माकडे मारली जात असल्याचे उघड झाले. मोरारजी देसाईंच्या सरकारने १ एप्रिल १९७८ पासून निर्यात बंद केली. तोवर अमेरिकी प्रयोगशाळांतली बहुतेक रीसस भारतातूनच गेलेली होती. नंतरही त्यांचीच वीण तिथे वाढली.

व्यसनाच्या अभ्यासात माकडे त्याच्या बऱ्याच आधी शिरली होती. १९२९ साली टेटम, सीव्हर्स आणि कॉलिन्स यांनी मॉर्फिनच्या सवयीवर प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत माकडेही होती. १९४० साली स्प्रॅग यांनी चिंपांझींवरचे काम छापले. मॉर्फिनची सवय लागलेला चिंपांझी, अंमल उतरला की केळे असलेली पेटी सोडून सिरिंज असलेली पेटी उघडे. पुढे सीव्हर्स मिशिगन विद्यापीठात गेले. तिथे रीसस माकडांना मॉर्फिनवर ठेवून नव्या वेदनाशामकांची परीक्षा होई. मॉर्फिन बंद केल्यावर माकडाला जो त्रास सुरू होतो तो नव्या औषधाने थांबला, तर त्या औषधाचेही व्यसन लागण्याचा धोका आहे, असे समजत. गर्दुल्ले ज्या त्रासाला 'टर्की' म्हणतात, तोच हा त्रास.

१९६९ साली डेनो, यानागिता आणि सीव्हर्स यांनी जे छापले, त्याने मोठा समज मोडला. माकडाच्या शिरेत बारीक नळी बसवलेली असे आणि खटका दाबला की त्याला औषधाचा एक डोस मिळे. या माकडांना आधी कसलीही सवय लावलेली नव्हती. तरी त्यांतली बरीच आपण होऊन मॉर्फिन घेऊ लागली, कोकेन घेऊ लागली. कोकेनवरची काही माकडे झटके येईपर्यंत खटका दाबत राहिली आणि मेली. माणूस टर्कीच्या भीतीने किंवा वाईट संगतीने किंवा चारित्र्य कच्चे म्हणून व्यसनी होतो, असे तोवर सांगितले जाई. माकडाला ना चारित्र्य, ना अड्डा. ओढ लावण्याची ताकद पदार्थातच होती.

ती ताकद मेंदूत कुठे काम करते, हे पुढे कळत गेले. १९७३ साली अफूजन्य द्रव्ये मेंदूतल्या कोणत्या ग्राहींना चिकटतात ते सापडले. १९९० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामाइन पेशी तपासल्या. फळांच्या रसाचा अनपेक्षित थेंब मिळाला की या पेशी उसळत. रसाआधी दर वेळी खूण दाखवत गेले, तसे काही दिवसांनी पेशी खूण दिसताच उसळू लागल्या, प्रत्यक्ष रसाला नाही. खूण दाखवून रस दिला नाही, तर त्या नेमक्या त्या वेळी मंदावत. वर्षभर स्मॅक सोडलेला मुलगा जुन्या गल्लीतून जाताना, किंवा नुसती चांदीची पन्नी पाहून का कासावीस होतो, ते इथे समजते. घरचे म्हणतात, "याला इच्छाशक्तीच नाही." पण त्याच्या मेंदूने त्या पन्नीला खूण म्हणून शिकून ठेवलेले असते.

माकडांवरच्या कामातून औषधही हाती आले. ब्युप्रेनॉर्फिन हे इंग्लंडमध्ये तयार झालेले वेदनाशामक. ते हेरॉइनच्याच ग्राहीला घट्ट धरून बसते, पण त्याला अर्धवटच चालना देते. कुलपात अर्धी फिरलेली किल्ली अडकून बसावी तसे. त्यामुळे टर्की टळते, पूर्ण नशा येत नाही आणि वर घेतलेल्या हेरॉइनलाही फारशी जागा उरत नाही. १९८० च्या सुमारास मेलो आणि मेंडेलसन यांनी बॉस्टनजवळच्या मॅक्लीन रुग्णालयात हेरॉइनचे व्यसन असलेल्या माणसांवर आणि रीसस माकडांवरही दाखवले की या औषधाने अफूजन्य पदार्थ घेण्याचे प्रमाण घटते. १९९० च्या दशकात ते दिल्लीत व्यसनी लोकांना दिले जाऊ लागले. एम्सचे व्यसनोपचार केंद्र १९८८ साली सुरू झाले आणि २००३ पासून गाझियाबादला आहे. तिथे जिभेखाली विरघळणारी गोळी आज नेहमीचा उपचार आहे. त्याच केंद्राने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात अफूजन्य पदार्थ घेणारे सुमारे २.२६ कोटी आहेत आणि त्यांतल्या सुमारे ७७ लाखांना मदतीची गरज आहे.

इथवरचा धडा आपण निदान कागदावर तरी मान्य केला: व्यसन हा आजार आहे. माकडांनी दिलेला दुसरा धडा मात्र फारसा कोणाच्या बोलण्यात येत नाही.

मिशिगनचे ते माकड पिंजऱ्यात एकटे होते. त्याला खटक्याशिवाय करायला काही नव्हते. २००२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात मायकेल नेडर यांच्या गटाने वेगळा प्रश्न विचारला. त्यांनी आग्नेय आशियातली लांब शेपटीची २० नर माकडे आधी एकेकटी ठेवली आणि मग चार-चारांच्या गटांत सोडली. गटांत वरचढ-दुबळे ठरले. पेट स्कॅनमध्ये दिसले की वरचढ माकडांच्या मेंदूत डोपामाइन टिपणारे 'डी-२' ग्राही वाढले होते, दबलेल्यांत ते वाढले नव्हते. कोकेन समोर आले तेव्हा दबलेली माकडे त्याकडे अधिक ओढली गेली. कोकेनचा संपर्क लांबला तेव्हा ग्राहींतला फरक पुसट झाला, हेही त्याच गटाने पुढे नोंदवले. तरीही मूळ निष्कर्ष महत्त्वाचा आहे. चारचौघांत आपली जागा काय, याचा परिणाम मेंदूच्या रसायनावर होतो आणि व्यसनाच्या सुरुवातीला तो निर्णायक ठरू शकतो.

यमुना बाजारच्या पुलाखाली कांबळ पांघरून बसलेल्यांकडे मी आता या नजरेने पाहतो. त्यांतल्या एखाद्याला गोळी मिळते, टर्की थांबते, आणि संध्याकाळी तो त्याच पुलाखाली परततो. तिथे त्याला नावाने हाक मारणारे कोणी नसते आणि जुन्या खुणा मात्र सगळ्या शाबूत असतात. गोळी हवीच. पण ती बदलते ते मेंदूतले कुलूप, पिंजरा नव्हे.

मराठी वाचकाला हे अगदी अनोळखी नसावे. १९८६ साली पुण्यात सुनंदा आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण सुरू केले, त्यामागे पु. ल. देशपांडे यांचे पाठबळ होते. तिथे उपचारांबरोबर भर राहिला तो माणसे जोडण्यावर, घरच्यांना सामील करण्यावर आणि बाहेर पडल्यानंतरही मित्राच्या संपर्कात राहण्यावर. 'डी-२' ग्राहींचा तो निष्कर्ष छापून येण्याच्या सोळा वर्षे आधीपासून हे काम चालू होते.

विमानाने गेलेल्या त्या लाखो माकडांतली किती व्यसनाच्या प्रयोगांत संपली, याचा आकडा माझ्यापाशी नाही. त्यांना कोणी विचारले नव्हते आणि त्यांच्या वेदनेचे समर्थन करावे असे मला वाटत नाही. पण ती किंमत मोजून झाली आहे. तिच्या बदल्यात मिळालेले अर्धे ज्ञान औषधाच्या दुकानात ठेवता येते, आणि ते आपण घेतले. उरलेले अर्धे घ्यायचे तर छप्पर, काम, शेजार आणि मान एवढे द्यावे लागेल. ते कुठून आयात करता येत नाही.