कोडिंग जमतं, पण ऑफिसात तोंड उघडत नाही? वेब डेव्हलपर होऊ पाहणाऱ्यांनी या सवयी आधीच लावून घ्याव्यात

एचटीएमएल, सीएसएस, जावास्क्रिप्ट शिकून वेब डेव्हलपर व्हायचं, असं आता खेडेगावातली मुलं-मुलीही ठरवतात. कोणी मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकतं, कोणी घरच्यांनी जमवलेल्या पैशातून पुण्यात क्लास लावतं. कोडिंग येतं, नोकरीही लागते. खरी परीक्षा त्यानंतरच्या प्रोबेशनच्या काळात असते. तेव्हा कोड तर बघतातच, पण हा माणूस सोबत काम करायला कसा आहे, तेही बघतात.

अडलं तर वेळेत सांगा

सगळ्यात महत्त्वाची सवय हीच. वेबसाइटचं काम तुकड्यांत वाटलेलं असतं. एक जण पान बनवतो, दुसरा सर्व्हरकडून माहिती आणतो, तिसरा तपासतो. एक जण अडून तीन दिवस गप्प बसला, तर मागच्या सगळ्यांचं काम थांबतं.

मोठ्यांना फार प्रश्न विचारू नयेत, असं बऱ्याच घरांत शिकवतात. त्यामुळे नवीन मुलगा सिनियरला विचारायला कचरतो आणि "हो सर, चालू आहे" म्हणत राहतो. ऑफिसात हेच अंगाशी येतं. न येणं चालतं, लपवणं चालत नाही.

मात्र विचारण्याआधी तासभर स्वतः प्रयत्न करावा. मग नीट लिहून विचारावं.

चुकीचा मेसेज: "सर, लॉगिन चालत नाही."

बरोबर मेसेज: "सर, लॉगिनचं बटण कॉम्प्युटरवर चालतं, मोबाइलवर दाबलं की काहीच होत नाही. एररचा फोटो जोडला आहे. बटणाचा कोड दोनदा तपासला, त्यात चूक दिसली नाही. पुढे काय बघू?"

दुसऱ्या मेसेजला उत्तर लवकर मिळतं, कारण समोरच्याला उलटे चार प्रश्न विचारावे लागत नाहीत.

रोजची छोटी बैठक

बऱ्याच कंपन्यांत स्क्रम नावाच्या पद्धतीने काम चालतं. त्यात रोज जास्तीत जास्त १५ मिनिटांची बैठक असते. तिथे बहुतेक जण तीनच गोष्टी सांगतात: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. बैठकीआधी या तीन ओळी वहीत लिहून ठेवल्या की बोलताना गडबड होत नाही.

चूक दाखवली तर राग नको

कोड साइटवर जाण्याआधी दुसरा डेव्हलपर तो वाचतो. याला कोड रिव्ह्यू म्हणतात. पहिल्या आठवड्यात दहा-वीस चुका निघाल्या तरी घाबरू नये. सिनियरच्या कोडलाही हाच नियम असतो. शेरा कोडवर असतो, माणसावर नाही. पटला नाही तर कारण विचारावं, वाद घालू नये.

"होऊन जाईल" म्हणण्याआधी

काम कधी होईल असं विचारल्यावर घाईने "उद्या देतो" म्हणू नये. कामाचे तुकडे पाडून अंदाज सांगावा. उशीर होणार हे कळलं की त्याच दिवशी सांगावं, मुदत उलटल्यावर नाही.

इंग्रजीचं काय?

बोलताना मराठी, हिंदी, इंग्रजी असं मिश्रण अनेक ऑफिसांत चालतं. लिहिणं मात्र बहुधा इंग्रजीत असतं. त्यासाठी भारी शब्द लागत नाहीत, छोटी आणि स्पष्ट वाक्यं पुरतात. रोज पाच ओळींचा ईमेल लिहायचा सराव करावा.

गावात राहून सराव कसा करायचा?

• गावातल्या किराणा दुकानाची, बचत गटाची किंवा दूध संस्थेची छोटी वेबसाइट फुकट बनवून द्यावी. आधी त्यांचं ऐकून घ्यावं. दुकानदाराला रंगीबेरंगी पान नको असतं, गिऱ्हाइकाला फोन नंबर आणि दुकानाची वेळ पटकन दिसायला हवी असते. हे ओळखणं हेही डेव्हलपरचंच काम.

• गिट शिकून घ्यावं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये बनवलेलं हे साधन फुकट आहे. त्यात प्रत्येक बदलासोबत टीप लिहावी लागते. "बदल केला" असं न लिहिता "मोबाइलवर मेनू उघडत नव्हता, दुरुस्त केला" असं लिहावं.

• आपण बनवलेल्या साइटबद्दल दोन मिनिटं बोलून मोबाइलवर रेकॉर्ड करावं आणि स्वतः ऐकावं. इंटरव्ह्यूत हाच प्रश्न हमखास येतो.

• दोघं-तिघं शिकत असतील तर एकमेकांचा कोड तपासावा. चुका ऐकून घ्यायची सवय तिथेच लागते.

या सरावाला वेगळी फी लागत नाही. क्लास चालू असतानाच रोज अर्धा तास दिला, तर पहिल्या नोकरीत कोडिंग येत असूनही मागे पडायची वेळ येत नाही.