स्लो कुकर : जुने आणि नवे

स्लो कुकर : मंद आचेवर, झाकण न उघडता, कित्येक तास अन्न शिजवणारे विजेचे भांडे. सोलापूरकडच्या खेड्यांत हे काम चुलीचा वैल करीत आला आहे. पुढे तव्यावर ज्वारीच्या भाकरी चालू असतात आणि त्याच जाळाच्या धगीवर वैलावर तुरीची डाळ किंवा हुलगे शिजत राहतात. तुराट्या भडकन पेटतात आणि लगेच विझतात. धग टिकवायची तर गोवरीच लागते. ही आच राखण्याची मेहनत पुढच्या कुकरांनी कमी केली.

1910 मध्ये कोलकात्यात इंदुमाधव मल्लिक यांनी इक्मिक कुकर तयार केला. त्यात डब्यांची चळत एका नळकांड्यात बसते, खाली कोळसा असतो आणि पाण्याच्या वाफेवर सगळे पदार्थ एकदम शिजतात. डॉ. आनंद कर्वे यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर याच जातीचा. सुमारे 100 ग्रॅम कांडी कोळशावर तो एका कुटुंबाचा स्वयंपाक करतो, आणि हा कोळसा उसाच्या पाचटापासूनही बनतो. माळशिरस-पंढरपूरच्या फडांत पेटवून दिले जाणारे पाचट पाहिले की या कल्पनेचे मोल कळते. पाचटाच्या कोळशासाठी ‘आरती’ला 2002 मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

विजेचा स्लो कुकर अमेरिकेतला. अर्व्हिंग नॅक्सन यांना त्याचे पेटंट 1940 मध्ये मिळाले. 1971 मध्ये रायव्हल कंपनीने तो ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणला. सुरुवातीला आतले मातीचे भांडे पक्के बसवलेले असे, त्यामुळे घासणे जिकिरीचे होई. 1974 पासून ते सुटे झाले. आजवरची सर्वांत उपयोगी सुधारणा हीच.

नव्या मॉडेलांत टायमर असतो. वेळ संपली की कुकर अन्न फक्त गरम ठेवतो. ‘लो’ आणि ‘हाय’ यांत बहुधा वेळेचाच फरक असतो, शेवटी दोन्हींचे तापमान उकळीच्या जवळ जाते. मात्र वीज गेली की अनेक डिजिटल कुकर बंद पडतात आणि ती परत आली तरी आपोआप सुरू होत नाहीत. जुना खटक्याचा कुकर पुन्हा तापू लागतो. भारनियमन असलेल्या गावात त्यामुळे खटक्याचाच बरा. पण वीज किती वेळ नव्हती हे तो सांगत नाही, आणि 60 अंश सेल्सिअसखाली तासन्‌तास राहिलेले मटण टाकूनच द्यावे.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी आणलेला 120 व्होल्टचा कुकर आपल्या 230 व्होल्टवर थेट लावू नये. तो जवळजवळ पावणेचारपट वीज ओढतो आणि जळतो. राजमा तर कोणत्याही स्लो कुकरमध्ये कच्चा घालू नये. भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात निदान 10 मिनिटे खळखळून उकळावा, मगच कुकरात घालावा. मंद आचेवर त्यातले विषारी द्रव्य नष्ट होत नाही.