बाईचा रोज, गड्याचा रोज

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं असायची. 'एक काम 6 पुरुष किंवा 9 स्त्रिया करतात, तर…' उत्तर बरोबर यायचं, पण बाईचं काम कमी का धरलं, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. आज अचलपूरला माझ्या विद्यार्थ्यांच्या आया कापसाच्या वावरात निंदायला जातात, बाप डवरणी-फवारणीला. वावर एकच, पण बाईचा रोज कमी, गड्याचा जास्त.

कायद्याला हा फरक मान्य नाही. समान कामाला समान वेतन हे संविधानाच्या अनुच्छेद 39 मध्ये आहे. 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षात केंद्रानं वटहुकूम काढला, 1976 मध्ये समान वेतन कायदा झाला. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा कायदा 1979 पासून लागू झाला. तिथं खोदलेली माती मोजून मजुरी मिळे. मातीचा दर बाईला वेगळा, गड्याला वेगळा नव्हता. बाया मोठ्या संख्येनं या कामांवर आल्या, यात नवल नाही.

दुसरा टप्पा मुंबईचा. मॅकिनन मॅकेंझी कंपनीतल्या लघुलेखिका ऑड्री डिकॉस्टा पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी पगारावर होत्या. कंपनी म्हणे, त्यांचं पद वेगळं. 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. बारीकसारीक फरक काढून पगार कमी करता येत नाही आणि कंपनीला परवडत नाही ही सबबही चालत नाही, असा निकाल दिला.

मग वावरात हा कायदा का पोहोचत नाही? कारण कायदा 'तेच किंवा तशाच स्वरूपाचं काम' म्हणतो. 2019 च्या वेतन संहितेतही शब्द तेच राहिले. निंदण बायांचं, डवरणी गड्यांची, अशी वाटणी केली की तुलनाच संपते. भारतानं 1958 मध्ये मान्य केलेला आंतरराष्ट्रीय करार मात्र 'समान मूल्याचं काम' म्हणतो. दिवसभर वाकून तण काढण्याचं मूल्य डवरा हाकण्यापेक्षा कमी कसं? कायदा बळकट करायचा तर हे शब्द त्यात यायला हवेत.

तोवर एक काम आपल्या हातात आहे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. आपल्यातल्या अनेकांची वावरं आहेत. यंदा निंदणाला बाया सांगाल, तेव्हा त्यांचा रोज गड्याइतका धरा.